संतोष आणि सुधारणा: मोटारीतील ध्वनियंत्रणेच्या निमित्ताने

मिळालेल्या वस्तूत उणीव दिसणे हा विवेक की असंतोष, हा नीतिचिंतनातील जुना प्रश्न आहे. पण तो अन्न, वस्त्र किंवा निवारा यांच्या संदर्भात विचारला की गरजेचा मुद्दा आड येतो आणि उत्तर संदिग्ध राहते. मोटारीत कंपनीने बसवून दिलेली म्युझिक सिस्टिम बदलून घेण्याची हौस या प्रश्नाच्या परीक्षणासाठी अधिक सोयीची आहे, कारण तिथे गरजेची सबब चालत नाही. गाडी गाण्यांवाचून धावते, कंपनीची यंत्रणा बिघडलेली नसते, आणि तरीही मालक दारांमधले स्पीकर बदलतो, आसनाखाली ॲम्प्लिफायर म्हणजे ध्वनिसंकेताची शक्ती वाढवणारे यंत्र बसवून घेतो, डिकीत सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर ठेवतो. या खटाटोपाला तृष्णा म्हणावे की श्रवणाविषयीची आस्था, याचे उत्तर सरसकट देता येत नाही. कारण 'सुधारणा' या एकाच नावाखाली तिथे स्वभावाने भिन्न अशा दोन क्रिया चालतात.

हा भेद गाडीच्या दारातच दिसतो. कारागीर ज्याला डोअर पॅड म्हणतात ते प्लॅस्टिकचे आवरण क्लिपा सोडवून बाजूला केले की आत पातळ पत्रा, त्यात काच वर-खाली करणाऱ्या यंत्रासाठी ठेवलेली मोठी भोके आणि स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा कागदी पडद्याचा, लहान चुंबकाचा स्पीकर आढळतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकताना समोरची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो, म्हणून पुढची आणि मागची लाट परस्परविरुद्ध असते; ती भोके उघडी राहिली तर या दोन लाटा एकमेकींना भेटतात आणि खर्जाचे स्वर ऐकणाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच परस्परांना खोडून काढतात. दार हीच त्या स्पीकरची पेटी असते, आणि ती फुटकी असते. कारागीर भोके बुजवतो आणि पत्र्यावर ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली चिकट शीट दाबून बसवतो. या कामाला डॅम्पिंग म्हणतात. आधी बोटाने वाजवल्यावर टणटणणारा पत्रा त्यानंतर बसका, जड आवाज देतो, आणि स्पीकर कंपनीचाच राहूनही त्यातून पूर्वी न ऐकू आलेला खर्ज उमटतो. येथे नवे काही मिळवलेले नसते. जे होते त्याच्या आड येणारे दूर केलेले असते.

पातंजल योगसूत्रांत नियमांच्या यादीत शौच आणि संतोष एकापाठोपाठ येतात, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. व्यासभाष्यात संतोषाचे लक्षण असे केले आहे की जवळ असलेल्या साधनाहून अधिक मिळवण्याची इच्छा नसणे म्हणजे संतोष. या लक्षणात मर्यादा घातली आहे ती 'अधिक' मिळवण्यावर. जवळ असलेले साधन स्वच्छ, धड आणि कार्यक्षम ठेवण्यावर नव्हे, कारण मळ दूर करणे हे शौच असून तेही तितकेच विहित आहे. संतोष आणि शौच एकमेकांचे विरोधी असते तर ते एकाच साधकाला शेजारी शेजारी सांगितले गेले नसते. म्हणून खडखडणारे दार तसेच ठेवून 'आहे त्यात समाधान' म्हणणे याला संतोष म्हणता येत नाही; त्याला पुष्कळदा आळस हेच नाव शोभते. उलट धडधाकट स्पीकर केवळ अधिक वॅटच्या मोहाने काढून टाकणे या कृतीला शौचाचा आधार मिळत नाही.

तरीही हौशी श्रोत्याकडे एक बळकट युक्तिवाद उरतो. त्याच्या म्हणण्यानुसार गाणे ध्वनिमुद्रणात पूर्ण आहेच, उत्तम यंत्रणा त्यात भर घालत नाही, ती केवळ ते उघड करते; त्यामुळे यंत्रणेवरचा प्रत्येक खर्च हा मूळ स्वरापर्यंत जाण्याचा प्रयत्न ठरतो. भारतीय दर्शनांत या भूमिकेशी मिळताजुळता वाद फार पूर्वी झाला आहे. मीमांसकांच्या मते वर्णरूप शब्द नित्य आहे. उच्चाराने तो निर्माण होत नाही, फक्त अभिव्यक्त होतो, आणि वायूच्या संयोग-विभागांतून उठणारा ध्वनी हा त्याचा केवळ व्यंजक, म्हणजे प्रकट करणारा, असतो. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो व नष्ट होतो. श्रवणेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले आकाशच, आणि उगमापासून तिथपर्यंत शब्द पाण्यावरील तरंगांप्रमाणे एकातून दुसरा असा नव्याने उपजत पोचतो, ज्याला वीचीतरंगन्याय म्हणतात. मीमांसकांचा सिद्धांत वेदवाक्यांच्या नित्यत्वासाठी मांडलेला असल्याने तो चित्रपटगीताला जसाच्या तसा लावणे उचित नाही. परंतु उघड होणे आणि उत्पन्न होणे हा भेद येथे उपयोगी पडतो.

गाडीच्या बाबतीत कौल नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागतो. काचा स्वर परतवतात, आसनांचे कापड उंच स्वर शोषून घेते, टायरांची घरघर खर्ज झाकते, आणि यामुळे कानावर जे पडते ते त्या बंदिस्त पोकळीतच जन्मलेले असते. ज्या मूळ स्वराच्या शोधात श्रोता निघालेला असतो तो त्याने ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिथे बसून कधी ऐकलेला नसतो, म्हणून आपण तिथे पोचलो की नाही हे तपासण्याचे साधनही त्याच्याजवळ नसते. आणि ज्या प्रवासाचे ठिकाण ओळखता येत नाही तो थांबवण्याचे कारणही सापडत नाही. याउलट स्वर येथेच निर्माण होतो हे मान्य केले की किती, कोणासाठी आणि कोणाच्या त्रासावर, असे तीन उत्तर देण्याजोगे प्रश्न पुढे येतात.

पहिला प्रश्न परिमाणाचा. हेड युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डवरील मुख्य यंत्राच्या, खोक्यावर '४ × ५० वॅट' असे छापलेले असले तरी तो क्षणिक कमाल आकडा असतो. इंजिन चालू असताना गाडीत मिळणारा विद्युतदाब सुमारे १४ व्होल्ट आणि स्पीकरचा रोध ४ ओहम धरला तर प्रत्येक स्पीकरला स्वच्छ अशी जेमतेम २० वॅट शक्ती मिळते. ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज कानाला दुप्पट भासावा यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज पडते. उद्दीपन गुणाकाराने वाढवावे तेव्हा संवेदना बेरजेने वाढते, असा नियम गुस्टाव्ह फेखनर यांनी १८६० मध्ये मांडला होता, आणि त्याचे स्थूल रूप येथे दिसते. महाभारतातील ययातीला उपभोगाने वासना शमत नाही हे आयुष्य घालवून कळले. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत तेच गणिताने आधीच सांगून ठेवले आहे. शिवाय निर्णय देणारा कानही निर्दोष नसतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज लहान असताना कानाला खर्ज तुलनेने कमी ऐकू येतो. म्हणून दोन यंत्रणांपैकी किंचित मोठ्याने वाजणारी भरदार व सरस वाटते. न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाच्या लक्षणात ते अव्यभिचारी, म्हणजे न फसवणारे, असावे अशी अट घातली आहे. दुकानातल्या प्रात्यक्षिकात ती अट पाळायची तर दोन्ही यंत्रणा सारख्याच पातळीवर ऐकवाव्या लागतात.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळ आणि डाव्या दाराचा दूर पडतो. हे अंतर अर्ध्या मीटरने भिन्न असेल तर डावीकडचा स्वर सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा येतो, आणि मेंदू आधी आलेल्या स्वराच्या दिशेला महत्त्व देत असल्याने गायक समोर न भासता उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. डीएसपी, म्हणजे ध्वनिसंकेतावर आकडेमोडीने संस्कार करणारा घटक, जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावतो आणि गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो. ही जुळणी मात्र एकाच आसनासाठी खरी असते. शेजारच्या आसनावरील व्यक्तीसाठी या जुळणीमुळे तोल पूर्वीपेक्षा अधिक बिघडतो. चालकासाठी परिपूर्ण झालेली यंत्रणा सहप्रवाशांसाठी सदोष होते, आणि हा कारागिराचा दोष नसून भौतिक नियमाचा परिणाम आहे. अहंकार म्हणजे सर्व अनुभवांचा मध्यबिंदू आपल्या ठिकाणी कल्पिणे, असे म्हटले तर त्याचे इतके मोजमाप करण्याजोगे उदाहरण क्वचितच मिळेल. सर्वांना थोडे थोडे उणे, पण कोणालाच वाईट नाही अशी जुळणी करण्याची सोय बहुतेक डीएसपींत असते. कुटुंबाच्या गाडीत ती निवडणे ही तांत्रिक तडजोड असली तरी नैतिकदृष्ट्या ती अधिक पूर्ण आहे.

तिसरा प्रश्न गाडीबाहेरच्यांचा. ५० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपने असलेल्या, खर्जाची लाट सुमारे ७ मीटर लांब, म्हणजे बहुतेक गाड्यांहून मोठी असते, आणि पत्रा व काच असे खोल स्वर फारसे अडवू शकत नाहीत. उंच स्वर मात्र आतच राहतात. परिणामी आत बसलेल्याला गाणे मिळते आणि रस्त्यालगतच्या घरात फक्त धडधड पोचते. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही, म्हणून ही धडधड नाकारण्याचा अधिकार शेजाऱ्याकडे उरत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. अहिंसेचा विचार आकड्यापाशी न थांबता, ज्याने गाणे मागितले नाही त्याला त्याचा आघात तरी का द्यावा, असे विचारतो.

यावर विरक्त भूमिकेचा आक्षेप असा की श्रवणसुखच बंधन आहे, मग त्याच्या सुधारणेचा विचार कशाला. कठोपनिषदाच्या रथरूपकात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग आहेत. गाडीत वाजणारा विषय मार्गावर नसतो, तो रथातच बसलेला असतो, म्हणून सारथ्याचे भान सुटण्याचा धोका खरा आहे. परंतु रूपक घोडे मारून टाकायला सांगत नाही, ते आवरायला सांगते. दारे नीट बंदिस्त केलेली यंत्रणा लहान आवाजातही स्पष्ट ऐकू येते आणि रस्त्याची घरघरही काहीशी कमी करते. तिच्यामुळे आवाज वाढवण्याची वेळ कमी येते आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा संगीताखाली दबत नाही.

गृहस्थासाठी जैन आचारशास्त्राने परिग्रहपरिमाण हे अणुव्रत सांगितले आहे, म्हणजे संग्रहाचा संपूर्ण त्याग न करता त्याची सीमा स्वतः आधी ठरवून घेणे. मोटारीतील ध्वनियंत्रणेला हाच नियम पुरेसा आहे. सुधारणा दोषयुक्त नाही, सीमा नसलेली सुधारणा दोषयुक्त आहे. आणि सीमा दुकानात, वाजणाऱ्या स्पीकरसमोर उभे राहून ठरत नाही. म्हणून गाडी कारागिराकडे नेण्यापूर्वी मालकाने खर्चाचा आकडा निश्चित करावा, नव्या स्पीकरआधी दारांचे डॅम्पिंग करून घ्यावे, त्यानंतर काही दिवस कंपनीचेच स्पीकर ऐकून पाहावेत, आणि पुढचे काही घ्यायचेच ठरले तर जुळणी पसंत करण्यापूर्वी एकदा मागच्या आसनावर बसून ऐकावे.