नंबर कुणाचा?

माल थोडा आणि मागणारे फार झाले, की विकणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. शेतकऱ्याला हा अनुभव सहसा येत नाही. आपण टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केट यार्डात उभे राहतो, भाव दुसराच कोणी काढतो, आणि हातात येईल ती पट्टी खिशात घालून घरी येतो. मला मात्र चार वर्षं उलटी बाजू बघायला मिळाली. १९८४ ते १९८८ मी पुण्यात मोटारींच्या एका शोरूममध्ये कामाला होतो. दहावी झालेली होती, गाडी चालवता येत होती, म्हणून ठेवून घेतलं. आधी गाड्या धुणं-पुसणं, मग गिऱ्हाइकाला गाडी समजावून ताब्यात देणं, हे माझं काम. गाडी एकच, मारुती.

आजच्या पोरांना तो काळ सांगितला तर खरा वाटत नाही. तोवर रस्त्यावर बघावं तिथं फियाट नाहीतर ॲम्बॅसिडर. मग सरकारनं जपानच्या सुझुकी कंपनीशी १९८२ साली करार केला. १९८३च्या एप्रिलपासून दोन महिने नोंदणी चालली. दहा हजार रुपये आगाऊ भरायचे, आणि गाडी तर कुणी धड बघितलेलीही नव्हती. तरी लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची चावी दिली. सुरुवातीच्या गाड्यांचे बरेचसे भाग जपानहून यायचे आणि गुडगावला जोडले जायचे. म्हणून लोक तिला सरळ ‘जपानी गाडी’च म्हणत.

फियाट चालवलेली माणसं आली की आधी अंगठ्यानं पत्रा दाबून बघायची आणि म्हणायची, ‘हा तर डबा आहे.’ गिअर टाकायला हात स्टिअरिंगच्या दांड्याकडं जायचा, तो मी धरून खाली आणायचा. दार आपटायची तर सगळ्यांनाच सवय. ‘साहेब, हलकं लावा, बसतंय,’ हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हटलं असेल. पण थंडीतल्या सकाळी चावी फिरवली की गाडी पहिल्या झटक्यात चालू व्हायची, आणि डबा म्हणणारा गप्प व्हायचा. मग चाकाखाली लिंबू, समोर नारळ, बायकोच्या हातून हळद-कुंकू, आणि पेढा आमच्या हातावर.

विकण्याची कला म्हणतात ती मला तिथं कधी वापरावी लागली नाही. विकायचं होतंच काय? जी गाडी येई ती आधीच कुणाची तरी असे. तरी मोठमोठे लोक मला, खेड्यातल्या पोराला, ‘अहो जाहो’ करत. कुणी आंब्याची पेटी आणे. ‘आमचा नंबर जरा बघा की.’ नंबर माझ्या हातात नव्हता, पण मी नंबराच्या जवळ उभा होतो, एवढ्यावर माझी पत वाढली होती. टंचाई माणसाला जी ताकद देते ती त्याची स्वतःची नसते, हे मला त्या आंब्यांनी शिकवलं.

आणि मग ‘ऑन’. ज्याचा नंबर लागला त्यानं गाडी आपल्या नावावर काढायची आणि ज्याला थांबायचं नाही त्याला वर पैसे घेऊन देऊन टाकायची. दोन गिऱ्हाइकं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक होते तालुक्याच्या गावचे डॉक्टर. त्यांना शोरूमच्या दारातच एका व्यापाऱ्यानं पंधरा हजार वर देऊ केले. डॉक्टर म्हणाले, ‘मला गाडी पाहिजे होती, पैसे नव्हते पाहिजे,’ आणि गाडीत बसून निघून गेले. दुसरे एक निवृत्त कारकून. त्यांनी गाडी घेतली, किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि बसनं घरी गेले. मुलीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडं चहा पिताना लोक डॉक्टरांचं कौतुक करायचे आणि कारकुनाला काळाबाजारवाला म्हणायचे. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण कारकुनानं केलं ते बरोबर होतं, असंही म्हणवत नाही. मग चुकलं कुठं?

कारकून म्हणाले असते, माझा नंबर मी विकला, कुणाचं काय घेतलं? माझ्या मागं उभा असलेला तिथंच उभा आहे, त्याचा नंबर मागं गेला नाही. हिशेब बरोबर वाटतो. पण नंबर विकता येतो हे एकदा कळलं की ज्याला गाडी नकोच आहे तोही रांगेत येतो. बायकोच्या नावानं एक, मेव्हण्याच्या नावानं एक अर्ज भरतो. मग ज्याला खरंच गाडी चालवायची आहे त्याचा अडीचशेवा नंबर चारशेवा होतो. त्या माणसाला कुणी धक्का मारलेला दिसत नाही, पण तो मागं गेलेला असतो. आणि रांगेचा अर्थच जातो. रांगेत आधी आला तो आधी, मग तो कुणी का असेना. नंबराला किंमत आली की पैसेवाला उभाच राहत नाही. रांग उरते ती ज्याच्याकडं द्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठी.

इथं कुणी शेतकरी मला अडवील. म्हणेल, तुम्ही कांदा चाळीत ठेवून भाव वाढल्यावर विकता, ते काय निराळं? मी स्वतःला हे विचारलेलं आहे. कांदा मी पिकवलेला असतो, आणि चाळीत तो सडतो, वाळतो, वजनाला घटतो. भाव पडला तर माझाच पडतो. नंबर मात्र कुणी पिकवत नाही. सगळ्यांनी मिळून रांग पाळली म्हणून तो आहे. जे सगळ्यांच्या पाळण्यानं तयार झालं, ते एकट्यानं विकायचं कसं?

मोटारींची रांग पुढं आपोआप मिटली. गाड्या वाढल्या, १९९३ साली मोटार कारखान्यांवरचं लायसनचं बंधन सुटलं, नव्या कंपन्या आल्या. आता शोरूमवालाच आपल्याला फोन करतो. कारखान्यात जास्त माल काढता आला म्हणून हा प्रश्न सुटला. पाणी तसं कारखान्यातून काढता येत नाही.

मी पुरंदर तालुक्यातला. आमच्याकडं १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावातून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि घरात कितीही माणसं असली तरी अडीच एकरांच्या वर नाही. भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. हे शेवटचं कलम लोकांना सगळ्यात जड गेलं असेल. मला मात्र ते ऐकल्याबरोबर कळलं, कारण मी शोरूममधून आलो होतो.

आमच्या वाडीचा उपसा गट लहान, पण नियम त्याच धर्तीचे. एका कमी पावसाच्या वर्षी गटातल्या एका वहिनींचा मुलगा अपघातानं दवाखान्यात पडला. रान पडीक राहिलं. शेजारी शहरातल्या माणसाचं फार्महाऊस आहे, त्यानं त्यांच्या पाळीचं पाणी रोख पैशानं मागितलं. बैठक बसली. वहिनी म्हणाल्या, ‘पाणी माज्या वाट्याचं हाय न्हवं? मग इकलं तर कुनाच्या पोटात दुखतंय?’

बैठकीत कुणाला उत्तर सुचेना. मी म्हणालो, ‘वहिनी, पाणी तुमचं नाही, पाळी तुमची आहे. तुम्हाला नको असंल तर ती गटाकडं येती.’ त्यावर एक म्हातारा म्हणाला, ‘ह्ये झालं पाळीचं. दवाखान्याचं काय? इकू नको म्हनायला तोंड लागतं, बाबा, पैसा लागत न्हाई.’

त्या म्हाताऱ्यानं माझ्या अर्धवट विचाराची दुसरी बाजू दाखवली. जो विकू नको म्हणतो, त्यानं विकायची पाळी ज्या गरजेनं आणली ती गरज थोडी तरी उचलली पाहिजे. गटाच्या शिलकीतून उचल दिली. कमी पडले ते घरटी वर्गणी करून दिले. त्यांच्या दिरानं रान निम्म्या वाट्यानं केलं आणि पाणी ठरल्या पाळीनं त्याच रानात गेलं. दोघांनी वर्गणी दिली नाही. ते म्हणाले, आम्ही त्यांना अडवलं नव्हतं. त्यांचंही एका अर्थानं खरंच होतं.

तेव्हापासून मला वाटतं, त्या कारकुनाचा न्याय करताना आम्ही निम्माच हिशेब मांडला. नंबर विकायचा नाही, हे बरोबर. पण मुलीचं लग्न कसं करणार, हे आमच्यातल्या एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. डॉक्टरांना पंधरा हजार नाकारणं परवडत होतं. ते चांगलेच होते, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण गरिबानं प्रामाणिक राहावं असं वाटत असेल, तर त्याच्या प्रामाणिकपणाचा खर्च त्या एकट्यावर टाकून चालत नाही. आमच्या गटात आता कुणी पाळी विकायचं बोललं, तर पहिला प्रश्न नियमाचा निघत नाही. ‘अडचण काय आहे?’ हा निघतो. नियमाचं नंतर बोलतो, आणि बहुतेक वेळा बोलावंच लागत नाही.