फतेहखेर्ड्याची दारू, साखरखेर्ड्याची दिवाळी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साखरखेर्ड्यात दोन तऱ्हेची माणसे आभाळाकडे बघत असतात. गावातली बघतात, रॉकेट किती उंच गेले म्हणून. गावाला लागून ज्यांची वावरे आहेत ती बघतात, ते पडणार कुठे म्हणून. सोयाबीन सोंगून सुडी लागलेली असते, मजूर सणाला घरी गेलेले असतात, मळणीयंत्राचा नंबर दिवाळीनंतरचा असतो. सुडीवर ताडपत्री टाकली तरी ठिणगीपुढे तिचा काय टिकाव? मग घरातला एक माणूस फराळाचा डबा, पाण्याची टाकी आणि दोन ओली पोती घेऊन तिथे बसतो. घरी बायको लक्ष्मीपुढे दिवा लावते. हा वावरात वर्षभराच्या लक्ष्मीची राखण करतो.

या माणसाच्या बाजूने बोलायला गेले की पारावर एक उत्तर ठरलेले असते. "गुरुजी, आपली परंपरा हाये हे."

परंपरा हा शब्द उच्चारला की समोरच्याने गप्प बसावे, अशी अपेक्षा असते. माझा स्वभाव उलटा आहे. कोणी परंपरा म्हटले की मी विचारतो, कुठली, कधीपासूनची, आणि कोणाची?

शरदात आपल्याकडे अग्नी आणि उजेड भरपूर आहे. कोजागिरी झाली की पहाटे देवळात काकडा सुरू होतो, आणि काकडा म्हणजे मुळात पीळ दिलेल्या चिंधीची पेटती वात. घरावर उंच काठीला आकाशदिवा चढतो. वसुबारसेला गाय-वासरू ओवाळायचे, त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उजळायची. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत अमावास्येचा एक फार हळवा विधी सांगितला आहे. हातात पेटती चूड धरून पितरांना वाट दाखवायची. पितृपक्षात घरी येऊन गेलेले पूर्वज परतीच्या वाटेवर अंधारात चाचपडू नयेत, एवढाच त्याचा हेतू. आवाजसुद्धा आहे, नाही असे नाही. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री बायकांनी सुपे बडवून अलक्ष्मीला अंगणाबाहेर हाकलावे, असे पुराण सांगते. सूप! ज्यात धान्य पाखडायचे तेच वाजवायचे. खळ्यावरच्या माणसाला यापेक्षा आपला वाटेल असा सण शोधून सापडणार नाही. आणि यात दारूचा, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाच्या मिश्रणाचा, कुठेही पत्ता नाही.

मग ती आली कुठून? पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी शोभेच्या दारूचा भारतातला इतिहास शोधून १९५०च्या दशकाच्या आरंभी मांडला. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे. तोफेची दारू इथल्या लढायांत शिरली साधारण १४००च्या सुमारास. दिवाळीतले फटाके त्यानंतरचे. आधी लढाई, मग करमणूक. सोळाव्या शतकात एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या थाटात आतषबाजी दिसते. म्हणजे तोवर ती मराठी मनात रुजली होती, हे कबूल. पण ते लग्न राजघरचे होते. पेशव्यांच्या बखरीत एक हकिकत येते. महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या राजाची दिवाळी वर्णन करून सांगितली. तिथे दारूची लंका उभी करतात, तीत दारू भरलेले रावण-राक्षस असतात आणि एक हनुमान ती लंका पेटवतो. पोरसवदा पेशव्याला हौस आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसाच खेळ झाला. वाचायला गंमत वाटते. पण ही सगळी सत्तेची मिरवणूक आहे. त्या काळी कुणब्याच्या अंगणात पणतीला तेल मिळाले तरी दिवाळी झाली.

साखरखेर्ड्याच्या मातीने तर ही दारू तिच्या मूळ रूपात पाहिली आहे. ११ ऑक्टोबर १७२४. एका बाजूला दख्खनचा धनी होऊ पाहणारा निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान, ज्याला दिल्ली दरबाराने निजामाला हुसकावायला पुढे केले होते. मराठी फौजही निजामाच्या बाजूला होती. त्या दिवशी मुबारिजखान मारला गेला आणि आसफजाही घराण्याच्या सव्वादोनशे वर्षांच्या राज्याची पायाभरणी आपल्या गावाच्या शिवारात झाली. इतिहासाच्या पुस्तकात एवढे असते. तिथी मोजून पाहिली तर मात्र निराळेच काही लक्षात येते. तो अश्विन वद्य पक्ष होता. दिवाळी अवघ्या आठवड्यावर आली होती. म्हणजे शेतात खरीप उभे किंवा कापलेले, आणि त्यातून हत्ती, घोडे, तोफा. त्या वर्षी साखरखेर्ड्यात कोणी फराळ केला असेल? पणत्या लावल्या असतील त्या कोणासाठी?

जिंकल्यावर निजामाने गावाचे नावच बदलले. फतेहखेर्डा. फतेह म्हणजे विजय. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरपर्यंत ते नाव कागदावर टिकून होते. लोकांच्या तोंडी काय राहिले, ते आज एसटीच्या पाटीवर वाचा. तोफांच्या बळावर बसवलेले नाव गेले आणि साखर राहिली. यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, ठराव केला नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते नाव वापरलेच नाही, बस्स.

विजयाचा जाळ पेटवण्याची हौस एकट्या निजामाची नव्हे. इंग्लंडात ५ नोव्हेंबरला गावोगाव शेकोट्या पेटतात, आतषबाजी होते. १६०५ साली पार्लमेंटच्या तळघरात दारूची ३६ पिंपे सापडली, त्यांच्या राखणीला बसलेला गाय फॉक्स पकडला गेला आणि राजा वाचला, त्याची ही आठवण. पुढच्याच वर्षी कायदा करून हा दिवस दरसाल पाळणे सक्तीचे केले. मग काय, शेकोटीवर कधी पोपचा पुतळा, कधी गाय फॉक्सचा. आणि शेजारच्या कॅथलिक माणसाने त्या रात्री दार लावून बसायचे. १८५९ साली तो कायदा रद्द झाला. सण बुडाला का? नाही. सक्ती गेली, बरेचसे विष उतरले, आता पोरे शेकोटीभोवती बटाटे भाजून खातात. सण म्हणजे दगड नव्हे, त्याला धार लावता येते आणि काढताही येते, हे परक्या देशाच्या उदाहरणावरून पटत असेल तर तेही चालेल.

आपल्याकडे तर याहून मोठी गोष्ट पडून आहे. गोव्यात चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात, उत्तरेत दसऱ्याला रावण. पण वऱ्हाडातलाच अकोला जिल्हा घ्या. पातूर तालुक्यातल्या सांगोळ्यात रावणाची मूर्ती आहे आणि लोक तिला पुजतात. आणि दिवाळीच्या पाडव्याला मराठी बाई ओवाळताना काय म्हणते? इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. पाताळात घातलेल्या, हरलेल्या राजाला ती परत बोलावते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त या बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले, ते या ओवाळणीतूनच. जिंकणाऱ्याच्या गर्जनेत सामील न होता हरलेल्याची वाट पाहणारा असा सण आपल्या हाती आहे, आणि आपण त्यात निजामाच्या तोफखान्याचा आवाज भरतो. मग परंपरा कोण मोडतो आहे, मी की सुतळी बॉम्ब?

खरे तर घरोघरचा फटाका ही दोन-तीन पिढ्यांपलीकडची गोष्ट नाही. तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर १९२३ साली काड्यापेटीचा धंदा शिकायला कलकत्त्याला गेले, परत येऊन त्यांनी कारखाने काढले, आणि पुढे १९४०च्या सुमारास फटाक्यांचा धंदा तिथे जोराने वाढला. आपल्या आठवडी बाजारातली लवंगी, टिकल्या, भुईचक्र, अनार बहुतेक तिथूनच येतात. दुष्काळी मुलखाने पोट भरण्याचा मार्ग शोधला, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण त्यांच्या दुकानदारीला आपला धर्म म्हणू नका.

"तुमाले आमचाच सन दिसते काय?" हा दुसरा प्रश्न, आणि तो रास्त आहे. नाही, मला सगळे दिसते. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की हरलेल्या उमेदवाराच्या दारासमोर मुद्दाम वाजवलेली लड दिसते. वरातीत दवाखान्यापुढे फुटणारा बॉम्ब, ३१ डिसेंबरची मध्यरात्र, क्रिकेटचा सामना, पुढाऱ्याचा वाढदिवस, सगळे दिसते. उलट माझा मुद्दा या यादीनेच पक्का होतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी फटाका एकच वाक्य बोलतो, आम्ही जिंकलो, तुम्ही ऐका. ऐकणारा कोण, तर दम्याची म्हातारी, पाळण्यातले लेकरू, दावे तोडून पळणारी गाय. वसुबारसेला जिचे पाय धुतले तीच गाय हो, चार दिवसांपूर्वी!

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दिवाळीला रात्री ८ ते १० एवढाच वेळ. बेरियमचे क्षार बंद, फटाक्यांच्या लडी बंद. कमी धुराचे फटाके शोधले ते आपल्याच विदर्भात, नागपूरच्या 'नीरी' संस्थेने. त्यांतून निघणारे धूलिकण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी असतात. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे 'ग्रीन' असे छापलेला डबा घेणाऱ्याने विसरू नये. पण रात्री साडेदहाला दहा हजारांची लड वाजवणारा माणूस बहुधा गावातला वजनदार असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार द्यायला कोण जाणार? कायदा तालुक्याला आहे, शेजारी जन्माचा आहे.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो, नाहीतर उद्या माझ्या नावाने बोंब होईल. मजुराच्या पोराच्या हातातली फुलबाजी माझ्या डोळ्यात खुपत नाही. वर्षभर त्याच्या वाट्याला चमकणारे दुसरे काय येते? सुधारणेचा आसूड नेहमी गरिबाच्या पाठीवर आधी पडतो, आणि बंगल्यासमोरचा हजारोंचा जाळ 'हौस' म्हणून सुटतो. कर्ज काढून सण करू नका, असे गाडगेबाबा वऱ्हाडात गावोगाव कीर्तनात विचारत-विचारत सांगत. आज ते आले तर फुलबाजीवाल्या पोराला नव्हे, लडवाल्या मालकाला उभे करून विचारतील. सोयाबीनला भाव नाही म्हणून तूच परवा रस्त्यावर बसला होतास ना बाप्पा? मग या कागदाच्या कचऱ्याला काय भाव दिलास? सकाळी तो कचरा झाडणारी बाई कोणाच्या घरची? न फुटलेले बॉम्ब वेचून त्यांची दारू एकत्र करून पेटवणारी पोरे कोणाची?

ग्रामसभेला हे जमते. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवेचे कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून गावभर दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. शहाण्या म्हणवणाऱ्या शहरांना हे सुचले नव्हते. साखरखेर्ड्याला पलसिद्ध महाराजांचा मठ आहे, प्रल्हाद महाराजांचे स्थान आहे. गाव एका जागी बसून एक शब्द पाळू शकते, हे उत्सवात दर वर्षी दिसते.

तर यंदा दिवाळीआधीच्या सभेत एवढे मांडावे. सुडी, गंजी, गोठा आणि दवाखाना यांच्या जवळ काहीही पेटणार नाही. उडणारे रॉकेट सुड्या उचलेपर्यंत गावात विकलेच जाणार नाही. ज्याला वाजवायचे त्याने ८ ते १० या वेळात, गावाबाहेरच्या एका मोकळ्या जागी, पाण्याचा टँकर उभा असताना वाजवावे. निवडणुकीच्या निकालाची लड कायमची बंद. हा ठराव मांडताना दोन्ही पॅनलच्या पुढाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवावे. आणि अमावास्येच्या रात्री गावातल्या तरुण पोरांनी चार-चारच्या टोळ्या करून वावरांतून एक फेरी मारावी, हातात बॅटरी आणि फराळाचे ताट घेऊन. सुडीपाशी बसलेल्या माणसाला घरी पाठवावे. लक्ष्मीपूजन चालू असते तोवर राखण त्यांनी करावी. ओली पोती तिथेच ठेवलेली असतील.