वसतिगृहातला ताप



"सर, मी पाप केलं का?" हा प्रश्न मला एका मुलाने २००९ साली, रविवारची मिस्सा झाल्यावर, चर्चच्या आवारात विचारला होता. मुलगा आपल्याच भागातला. तेव्हा अठरा वर्षांचा, पुण्याच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. त्याचे किंवा महाविद्यालयाचे नाव सांगण्याची गरज नाही. मी त्याला जे उत्तर दिले ते घाईचे होते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते मला खटकते. म्हणून आज हे लिहीत आहे.

तो ऑगस्ट महिना थोरांना आठवत असेल. त्या वर्षी ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने स्वाईन फ्लू ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले होते. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. भारतातला त्या रोगाचा तो पहिला बळी. त्यानंतर पुणे शहर अक्षरशः हादरले. नायडू रुग्णालयासमोर घशाचा नमुना देण्यासाठी रांगा लागल्या. दुकानांतले मास्क संपले, आणि जिथे होते तिथे किमती वाढल्या. ज्यांना मिळाले नाहीत ते रुमाल बांधून फिरू लागले. (पुण्यातल्या मुली दुचाकीवर तोंडाला ओढणी बांधून फिरतच होत्या. आता मुलेही बांधू लागली, एवढाच फरक.) ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्याचा निर्णय झाला.

आपल्या या मुलाच्या वसतिगृहात सकाळी सूचना लागली की संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. त्याचा घसा दोन दिवसांपासून दुखत होता, अंग कसकसत होते. त्याने कोणालाही सांगितले नाही. तापाची गोळी घेतली, बॅग भरली आणि रात्रीची एसटी पकडली. गाडी खचाखच भरलेली. सकाळी तो कळंबला उतरला. घरात आई-वडील आणि नऊ वर्षांची बहीण. बहिणीला लहानपणापासून दम्याचा त्रास. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, मग श्वास लागू लागला, आणि तिला दवाखान्यात ठेवावे लागले. नऊ दिवसांनी ती बरी होऊन घरी आली. तो स्वाईन फ्लू होता की साधा फ्लू, हे कधी कळले नाही, कारण तपासणीच झाली नाही. तरी मुलाच्या मनाला ते लागले. म्हणून त्याने मला विचारले, मी पाप केले का?

मी म्हणालो, "नाही रे बाळा, तू काही मुद्दाम केलं नाहीस." तो मान हलवून निघून गेला. पण त्याचे समाधान झाले नव्हते. ते बरोबरच होते. कारण त्याने मुद्दाम केले नव्हते हे खरे असले तरी आपल्याला बरे नाही हे त्याला ठाऊक होते, हेही तितकेच खरे. त्या दिवसांत पुण्यात राहून ते कोणाला ठाऊक नव्हते?

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो आहोत की गंभीर पाप ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, तिची पूर्ण जाणीव हवी, आणि संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी. या मुलाला लावून पाहा. बाब गंभीर होती. जाणीव अर्धीमुर्धी होती. फ्लूचा रोगी ताप दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस इतरांना रोग देऊ शकतो, हे आज आपण सहज बोलतो. तेव्हा अठरा वर्षांच्या मुलाला ते कोणी नीट सांगितले नव्हते. आणि संमती? संध्याकाळपर्यंत खोली सोडायची आहे, शहरात नातेवाईक नाही, खिशात गाडीभाड्यापुरते पैसे. तो कुठे जाणार होता? मोकळ्या मनाने निवड करायला निदान दोन वाटा तरी लागतात.

इथे माझे लक्ष त्या मुलावरून वसतिगृहाकडे जाते. महाविद्यालय बंद करणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. एका वर्गात शंभर मुले, एका खोलीत चार, एकच भोजनगृह, एकच पाण्याची टाकी. अशा ठिकाणी फ्लू गवताच्या गंजीत ठिणगी पडावी तसा पसरतो. त्या साथीत तर म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांनाच तो जास्त पकडत होता. गर्दी मोडणे आवश्यक होते. परंतु जो विद्यार्थी शहरातच राहतो त्याच्यासाठी "बंद" म्हणजे घरी बसणे, आणि जो कळंबहून, भूमहून, परंड्याहून आला आहे त्याच्यासाठी "बंद" म्हणजे सात-आठ तासांचा प्रवास. संस्थेच्या आवारातून धोका गेला खरा, पण तो एसटीत बसून आपल्या गावांत आला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळीही देशभरची वसतिगृहे अशीच रिकामी झाली. दारातून शेवटचा मुलगा बाहेर पडला की संस्थेची जबाबदारी संपली, असे समजण्याची एक सवयच आपल्याला लागली आहे.

रिकामे करण्याआधी एक साधा प्रश्न विचारता आला असता. कोणाला ताप आहे? पण विचारून तरी काय झाले असते? मुलाने खरे सांगितले असते का? मी त्याला पुढे एकदा हे विचारले. तो म्हणाला, "सर, सांगितलं असतं तर मला कुठं ठेवणार होते?"

या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. आपण मुलांना खोटे बोलू नये असे शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण खरे बोलण्यासाठी त्यांना किती मोजावे लागते याचा हिशेब आपण करत नाही. आजारी विद्यार्थ्याचा हिशेब असा. परीक्षेला बसायचे तर बहुतेक ठिकाणी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तापात आठवडा गेला तर ती घसरते. सूट हवी तर डॉक्टरचे प्रमाणपत्र आणा. त्यासाठी दवाखान्याची फी, आणि ताप असताना दवाखान्यापर्यंत गर्दीतून जाणे आले. (खोटे प्रमाणपत्र किती सहज मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे खरा आजारी रांगेत उभा राहतो आणि ठणठणीत माणूस कागद घेऊन येतो.) आपल्याकडची कित्येक मुले "कमवा व शिका" योजनेत काम करून शिकतात. तिथे जितके तास काम तितके पैसे. अंथरुणाला खिळलेल्याला कोण पैसे देणार? भोजनगृहात जेवण खाली जाऊनच घ्यायचे असते, आणि खोलीत ताट आणायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. शिवाय खोलीतले सोबती काय म्हणतील ही भीती वेगळीच. एवढे सगळे पाहून मुलगा एक गोळी घेतो आणि वर्गात जाऊन बसतो. त्याच्या शेजारी बसलेल्याला तिसऱ्या दिवशी ताप येतो.

म्हणून माझे मत असे झाले आहे की साथीच्या काळात संस्थेचे पहिले नैतिक कर्तव्य दरवाजा बंद करणे हे नसून, "मला बरं नाही" हे वाक्य गरीब मुलालाही परवडेल असे करणे हे आहे. प्रमाणपत्राशिवाय पाच-सात दिवसांची रजा, एक वेगळी खोली, खोलीपर्यंत येणारे जेवण आणि बुडालेल्या तासांचे थोडे पैसे. यात फार मोठा खर्च कुठेच नाही.

एका प्राध्यापक मित्राशी यावर माझा वाद झाला. तो म्हणाला, "तुम्ही मुलांना ओळखत नाही. प्रमाणपत्र मागितलं नाही तर क्रिकेटच्या सामन्यादिवशी अर्ध्या वर्गाला फ्लू होईल." मी तीस वर्षे शिकवले आहे, मुलांना ओळखतो. अर्धा वर्ग नाही, पण दहा जण नक्की गैरफायदा घेतील. त्या दहा जणांची फुकटची सुट्टी एका पारड्यात टाका आणि दम्याच्या मुलीचे ते नऊ दिवस दुसऱ्या पारड्यात टाका. मित्र गप्प बसला. पटले म्हणून की कंटाळा आला म्हणून, सांगता येत नाही.

आता आपल्यापैकी काहींना संत अलोयशियस गोन्झागा यांची आठवण होईल. विद्यार्थ्यांचे ते आश्रयदाते. १५९१ साली रोममध्ये साथ आली तेव्हा ते तेथील येशूसंघीयांच्या महाविद्यालयात शिकत होते. रस्त्यावर पडलेल्या रोग्यांना उचलून त्यांनी रुग्णालयात नेले, त्यांची अंगे धुतली. बरोबरचे काही तरुण आजारी पडू लागले तेव्हा वरिष्ठांनी त्यांना थांबवले. त्यांनी विनवणी केली, तेव्हा जिथे संसर्गाचे रोगी नसतील अशाच रुग्णालयात जाण्याची परवानगी मिळाली. तिथेही एका रोग्याला उचलताना त्यांना रोग लागला, आणि २१ जून १५९१ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते प्रभूच्या घरी गेले. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्यायचे तर १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या. २०१४ पासून पुणे विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

या कथा सांगताना आपण वरिष्ठांना विसरतो. ते भित्रे नव्हते. त्यांच्यावर बाकीच्या तरुणांचीही जबाबदारी होती. आधी जाऊ दिले, मग थांबवले, मग मर्यादा घालून पुन्हा जाऊ दिले. साथीत संस्था चालवणाऱ्याला असेच दर आठवड्याला नव्याने ठरवावे लागते. दुसरे असे की, गोन्झागांचे प्रेम त्यांना खोलीबाहेर घेऊन गेले, म्हणून ताप असलेल्या मुलाचेही प्रेम त्याला बाहेर नेईल असे नाही. ताप असताना खोलीतच पडून राहणे हेही प्रेमच आहे, फक्त त्याचे कोणी चित्र काढून भिंतीवर लावत नाही. आणि त्याच्या दारात पेजेचे भांडे ठेवून दोन पावले मागे सरणारा सोबती, तोही गोन्झागांच्याच वाटेवरचा.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण सर्वांना पाठ आहे. प्रवचने शोमरोन्यावर होतात, याजकावर होतात, लेव्यावर होतात. उतारशाळेच्या मालकावर मी आजवर प्रवचन ऐकले नाही. परंतु जखमी माणसाला रात्री आत घेतले ते त्याने. रस्त्यावरून आलेला, रक्ताने माखलेला अनोळखी माणूस. इतर पाहुण्यांनी कुरकुर केली असेल, काही निघूनही गेले असतील. शोमरोन्याने त्याच्या हातावर दोन नाणी ठेवली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्द दिला. चांगले काम मालकाला परवडेल याची तजवीज त्याने आधी केली, मगच तो पुढे गेला. शासन, संस्थाचालक आणि आपण पालक यांनी वसतिगृहांसाठी ही दोन नाणी कोठे ठेवली आहेत?

मुलाचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिलाच आहे. आज त्याला उत्तर द्यायचे तर मी म्हणेन, हो, थोडा दोष तुझा. घरी उतरल्यावर आईला सांगायला हवे होतेस, बहिणीपासून दूर झोपायला हवे होतेस. तेवढे तुझ्या हातात होते. बाकीचा दोष तू एकट्याने वाहू नकोस, तो आम्हा मोठ्यांचा आहे.

जूनमध्ये आपल्या धर्मग्रामातली मुले पुन्हा लातूरला, पुण्याला, संभाजीनगरला शिकायला जातात. पावसाळा सुरू झाला की फ्लूही येतो. २००९ चा तो विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक होऊन बसला आहे. गेल्या खेपेला एका मुलीला सोडायला मी तिच्या वडिलांबरोबर गेलो होतो. फी भरून झाली, खोली पाहून झाली. तेव्हा वडिलांनी अधीक्षक बाईंना विचारले, "मॅडम, पोरगी तापली तर तिला कुठं ठेवता?" बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "असं कोणी विचारत नाही." मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या उठल्या आणि व्हरांड्याच्या टोकाची एक खोली उघडून दाखवली. आत जुन्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाईंनी खिडकी ढकलून पाहिली. ती उघडली.