बाळ आणि त्याची आई



संत मत्तयच्या शुभवर्तमानात पवित्र कुटुंबाच्या मिसर देशातील पलायनाची आणि तिथून परतण्याची हकिगत आहे. त्या थोड्याशा ओव्यांत 'बाळ आणि त्याची आई' असा उल्लेख चार वेळा येतो. देवदूत दोन्ही वेळा योसेफाला तसे सांगतो आणि योसेफ दोन्ही वेळा तसेच करतो. संकट तर बाळावर होते. हेरोदाला मरिया नको होती. तरी पालक-पित्याला एकट्या बाळाला घेऊन जा, असे सांगितले गेले नाही.

परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्या कुटुंबांविषयी विचार करताना हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आपल्या धर्मग्रामातील कित्येकांची मुले, नातवंडे अमेरिकेत आहेत. तिथल्या चर्चच्या सभागृहात मिस्सानंतर अशा कुटुंबासाठी न्याहारी विकली जाताना त्यांनी कदाचित पाहिले असेल. हा खर्च पंचवीस हजार डॉलर्सच्या खाली क्वचितच येतो. मग जुने सामान विकायचे, टी-शर्ट छापायचे, शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचे. काही जण चित्रकोड्याचे तुकडे विकतात. देणगीदाराचे नाव तुकड्याच्या मागे लिहायचे आणि पूर्ण झालेले चित्र दोन काचांत बसवून बाळाच्या खोलीत टांगायचे. आपल्या येण्यासाठी कोणाकोणाचा हात लागला, हे मुलाने मोठेपणी वाचावे, ही त्यामागची इच्छा.

इथिओपियातून मूल आणू पाहणारी कुटुंबे याच्या जोडीला त्या देशाची रीतही शिकत. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून इंजेरा करतात. ती आपल्या आंबोळीची सख्खी बहीणच म्हणा ना! एकाच परातीतून सगळे जेवतात आणि प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतात. त्या घासाला गुर्शा म्हणतात. नंतर कॉफी. हिरव्या बिया पाहुण्यांसमोर भाजायच्या, तो सुगंधी धूर त्यांच्यापुढून फिरवायचा, मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. कॉफीच्या तीन फेऱ्या होतात. तिसरीचे नाव बरका, म्हणजे आशीर्वाद. त्याआधी उठून जाणे बरे दिसत नाही.

ही केवळ हौस आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मूल येण्याआधी त्याच्या घरच्या चवीची ओळख करून घेणारे आईवडील जणू कबूल करतात, की हे मूल रिकाम्या हातांनी येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायात फिलिपने ज्याला स्नानसंस्कार दिला तो राणीचा खजिनदार इथिओपियाचाच म्हटला आहे. आजच्या इथिओपियाच्या उत्तरेतील अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. 'बिचारे गरीब देशातले लेकरू' असे म्हणताना जरा जपून बोलावे!

परंतु जिथे मोठी रक्कम फिरते तिथे लोभही शिरतो. 2010 साली इथिओपियातून अडीच हजारांच्या आसपास मुले अमेरिकेत गेली. पुढे उघड झाले, की त्या देशातून परदेशी गेलेल्या काही मुलांचे आईवडील जिवंत होते. मूल शिकून परत येईल, अशी त्यातल्या काहींची समजूत करून दिली होती. 2011 मध्ये दत्तक गेलेली एक मुलगी अमेरिकेत छळामुळे मरण पावली आणि तिच्या दत्तक आईवडिलांना 2013 साली दोषी ठरवण्यात आले. अखेर जानेवारी 2018 मध्ये इथिओपियाच्या संसदेने परदेशी दत्तक देणे बंद केले. देणग्या देणारी माणसे भली होती. तीनदा कॉफी पिऊन आशीर्वाद देणारीही भलीच होती. पण त्या कोड्यात आईच्या नावाचा तुकडा होता का, हे किती जणांनी विचारले असेल?

आपल्या देशात 2015 च्या बाल न्याय कायद्याने, मूल स्वाधीन करणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी साठ दिवस दिले आहेत. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या जोडप्यांना प्रतीक्षा नकोशी होते, हे मी समजू शकतो. पण हे साठ दिवस त्या आईचे आहेत. ते कमी व्हावेत म्हणून कोणीही कोणाच्या ओळखीने खटपट करू नये.

निर्गमच्या दुसऱ्या अध्यायातली फारोची मुलगी पाहा. ती परदेशी, परधर्मी. नाईलच्या पाण्यावरच्या पेटीत सापडलेले इब्री बाळ तिने आपले मानले. मिर्यामने दाई आणून देऊ का म्हणून विचारले, तेव्हा ती हो म्हणाली आणि आलेल्या स्त्रीला तिने वेतन कबूल केले. ती स्त्री बाळाची आईच होती. राजकन्येला ते ठाऊक होते की नव्हते, शास्त्र सांगत नाही. पण तिचा पैसा बाळाच्या आईच्या हातात पडला आणि बाळ दूध सुटेपर्यंत आपल्याच माणसांची भाषा ऐकत वाढले. पुढे मोठा झालेला मोशे राजवाड्यातून बाहेर पडला तो थेट आपल्या भाऊबंदांकडे.

येत्या रविवारच्या मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेत दत्तक मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांसाठी आपण विनंती करणारच आहोत. तिला एक ओळ जोडू या : आपले मूल कोणत्या घरात, कोणत्या देशात वाढत आहे, हे ज्यांना कधीच कळले नाही त्या मातांसाठी.