दुखण्याला दुखणे म्हणावे



दर सप्टेंबरात आपल्यापैकी पुष्कळजण वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला जातात. तिथे मेणाचे हात, पाय विकत मिळतात. ज्याचा जो अवयव दुखतो, तो माउलीला वाहायचा. पण पाय वाहणाऱ्या कित्येक बायकांनी घरी दुखण्याबद्दल चकार शब्द काढलेला नसतो. माउलीला सांगितले, नवऱ्याला नाही, डॉक्टरलाही नाही. "फादर, देवानं दिलंय, सोसायचं!" या बोलण्यात श्रद्धा किती आणि संकोच किती?

पोसिडोनियस हा स्टोइक तत्त्वज्ञ रोड्स बेटावर राहत असे. रोमन सेनापती पॉम्पी भेटायला गेला, तेव्हा तो सांधेदुखीने अंथरुणावर होता. सिसरोने लिहिले आहे की, बोलता बोलता कळ आली की तो वेदनेलाच बजावी: कितीही छळ, तुला मी वाईट म्हणणार नाही. बाणा मोठा खरा; पण संत ऑगस्टीनला तो पटला नाही. त्याचा सवाल सरळ होता. वेदना जर वाईट नाही, तर ती असह्य झाल्यावर जीव देण्याची मुभा हेच तत्त्वज्ञ कशी देतात? आणि प्रभू येशूनेही गेथशेमनी बागेत दुःखाला चांगले म्हटले नाही. प्याला टळावा अशी विनवणी केली, तीही मित्रांना जवळ थांबवून घेऊन.

हा वाद पुस्तकी नाही. आमवातात (डॉक्टर त्याला रूमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात) शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो, आणि तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. सकाळी उठल्यावर बोटे बराच वेळ आखडलेली, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, असे आठवडेच्या आठवडे चालले तर डॉक्टरकडे जायलाच हवे. लवकर औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. एकदा वाकडे झालेले सांधे औषधाने सरळ होत नाहीत. सोसण्यात घालवलेले वर्ष इथे फार महाग पडते. वयोमानाने होणारी गुडघ्यांची झीज हे दुखणे निराळे. तिथे वजन उतरवणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम कामी येतो. तेव्हा शेजारणीच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. (नाव-पत्ता नसलेल्या रामबाण पुड्या तर मुळीच नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे.)

मग सहनशीलता कशाला म्हणायचे? संत थॉमस अक्वायनस म्हणतो, दुःखापायी माणसाच्या हातून चांगले सुटू नये, यासाठी हा सद्गुण आहे. दुखणे लपवता लपवता जी आई सुनेवर, नातवंडांवर खेकसू लागली, तिने नेमके काय राखले? गोळी घेऊन, शेक घेऊन, "आज भांडी तू घास" असे मुलाला सांगून ती हसतमुख राहिली, तर तीच मला अधिक सहनशील वाटते.

प्रत्येक उपचार घेतलाच पाहिजे असेही नाही. वाजपेयींनी पंतप्रधान असताना २००० साली एक आणि २००१ साली दुसरा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलून घेतला. पोप फ्रान्सिस यांनी शस्त्रक्रिया नको म्हटले आणि मे २०२२ पासून ते चाकाच्या खुर्चीतून लोकांसमोर येऊ लागले. निर्णय वेगळे, पण दुखणे दोघांनीही झाकले नाही.

मिस्सेत गुडघे टेकवत नसतील तर टेकू नका. नियमच आजाऱ्यांना ती सवलत देतो; पवित्रीकरणानंतर याजक गुडघा टेकतात तेव्हा लवून वंदन करा. पाणी आणि औषध यांनी उपवास मोडत नाही. वयस्कर व आजारी माणसांनी गोळीबरोबर काही खाल्ले तरी ख्रिस्तप्रसाद घ्यायला हरकत नाही.

आणि सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजीला "रविवारी दिसला नाहीत?" असे विचारण्याआधी तिचे जिने एकदा मोजा. ख्रिस्तप्रसाद घरी आणून देता येतो. तिला जमत नसेल तर शेजाऱ्यांनी ऑफिसात तिचे नाव द्यावे.