ईदचा कपडा आणि कापसाचा पैसा



ईद चंद्राच्या गणनेवर चालते आणि शेती पावसाच्या. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, पेरणी व वेचणी मात्र आपल्या जागी असतात. 2006 साली रमजान ईद ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. ते वेचणीचे दिवस. 2025 साली ती 31 मार्चला आली, आणि ईदुल-अजहा तर 7 जूनला, ऐन मृगाच्या तोंडावर. त्या वेळी झरीसारख्या गावात घरातला प्रत्येक रुपया बियाणे आणि खतासाठी बांधून ठेवलेला असतो. तरीही मुलांना नवे कपडे हवेत म्हणून कुटुंब जिंतूर रस्त्याने परभणी गाठते, आणि परतताना पिशव्यांबरोबर उधारीही घरी येते.

यात वस्त्राचा दोष नाही. सूरह अल-आराफच्या 26 व्या आयतीत अल्लाहने वस्त्राचे दोन हेतू सांगितले आहेत, लज्जारक्षण आणि शोभा. आणि ईशभयाच्या वस्त्राला त्याहून श्रेष्ठ ठरविले आहे. म्हणजे शोभा निषिद्ध नाही. एक सहाबी जीर्ण कपड्यांत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. प्रेषितांनी विचारले, तुमच्याकडे संपत्ती आहे काय? उंट, शेळ्या-मेंढ्या, घोडे, सर्व काही होते. तेव्हा अल्लाहच्या देणगीची खूण अंगावर दिसू द्यावी, अशी शिकवण त्यांना मिळाली. सुनन अबू दाऊदमधील या प्रसंगात संपत्तीची चौकशी आधी झाली, हे आपण सहसा विसरतो. ज्याच्याकडे देणगी नाही त्याने सावकाराच्या पैशाने तिची खूण दाखवावी, असे कोठेही सांगितलेले नाही.

कर्जाविषयी तर प्रेषित (स.) नमाजमध्ये अल्लाहचा आश्रय मागत असत. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. दुकानदार दिसताच रस्ता बदलणारा बाप, "अब्बा घरी नाहीत म्हणून सांग" असे दारातल्या लेकराला शिकविणारी आई, हे आपण पाहिलेले आहे. त्या लेकराच्या अंगावर ईदचा सदरा असतो! आणि उसने घेतलेल्या पैशावर व्याज असेल, तर ते संकट याहूनही मोठे.

मग करावे काय? ईदला उपलब्ध कपड्यांतील उत्तम कपडा घालणे पसंत केले गेले आहे. तो नवाच असावा अशी अट नाही. म्हणून खरेदी चंद्र पाहून नव्हे, हातातला पैसा पाहून करावी. कापसाचा पैसा आला की त्यातून देणी आणि जकातचा हिशेब आधी, मग कपड्यांचा वाटा. तोच कपडा पेटीत ठेवून ईदला काढला तर त्याची शोभा कमी होत नाही, आणि ईदच्या आधीच्या रात्रीची घासाघीस व चढे भावही टळतात.

काय घ्यावे, यालाही हदीसचा आधार आहे. कामाच्या कपड्यांखेरीज जुमासाठी दोन वस्त्रांचा एक जोड घेतला तर काय बिघडले, अशा आशयाचे वचन अबू दाऊद यांनी नोंदविले आहे. याहून सुटसुटीत हिशेब मला तरी माहीत नाही. पुरुषाचा एक पांढरा सुती कुर्ता-पायजमा जुमा, निकाह, जनाजा आणि ईद, सर्वांना चालतो. स्त्रियांनी एका रंगाची सलवार व साधी ओढणी घेतली तर ती तीन-चार कमीजांवर जाते. जरीकामाचा जोड मात्र दुसऱ्या कशावरच जात नाही. 2,400 रुपयांचा पोशाख तीनदा घातला तर प्रत्येक वेळेचे 800 रुपये पडतात. 900 रुपयांचा साठ वेळा घातला तर पंधरा. दुकानात रंगावर भुलण्याआधी कपडा उलटा करून शिवण पाहावी. सुती कापड शिवायला देण्यापूर्वी भिजवून घ्यावे, म्हणजे ते नंतर आटत नाही. वाढत्या मुलांच्या कपड्यांत शिंप्याला माया सोडायला सांगावे (किती सुंदर शब्द आहे हा!) आणि खाली दुमड ठेवावी, पुढच्या वर्षी तीच उसवून कामी येते.

ठिगळाची लाज वाटणाऱ्यांनी आदरणीय उमर (रजि.) यांचे स्मरण करावे. ते मुस्लिमांचे शासक असताना त्यांच्या दोन खांद्यांच्या मधल्या जागी एकावर एक तीन ठिगळे आपण पाहिली, असे अनस (रजि.) सांगतात, मुअत्तामध्ये ते नोंदलेले आहे. आणि आपले कपडे स्वतः शिवणे हे तर खुद्द प्रेषितांच्या (स.) घरातले काम होते, असे आदरणीय आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

राहिले जुने कपडे. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय स्वीकारणार नाही ते दान करू नये, असे सूरह अल-बकराची 267 वी आयत बजावते. म्हणून आखूड झालेला सदरा शेजारच्या मुलाला देण्याआधी धुवावा, तुटलेली गुंडी लावावी, उसवलेली बाही शिवावी. आणि तो ईदच्या काही दिवस आधीच पोचवावा, म्हणजे त्यालाही तो ईदगाहवर घालून येता येईल.