दिसणं आणि सापडणं

माणसानं दिसावं की सापडावं, हा प्रश्न मला दिवाळीपर्यंत कधी पडला नव्हता. बँकेत काउंटरवर बसणारा माणूस दिवसभर दिसतो आणि नेमकं काम निघालं की सापडत नाही, असं ग्राहक म्हणतात. पण ते जाऊ द्या.

झालं असं की, आमच्या सौभाग्यवतींनी घरगुती फराळ विकायचं ठरवलं आणि भाच्यानं वेबसाइट करून दिली. काय वेबसाइट! उघडली की डावीकडून लाडू गडगडत येई, वरून शंकरपाळ्यांचा पाऊस पडे आणि शेवटी एक चकली गरागरा फिरत पडदाभर होई. नावं, भाव, फोन नंबर, सगळं त्या चित्रांतच रंगवलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती चकली दाखवली. ऑर्डर एकही आली नाही. गूगलवर 'घरगुती चकली' शोधलं, तर गावभरच्या चकल्या सापडल्या. आमची तेवढी नाही.

"मामा, गूगल माणसासारखं बघत बसत नाही," भाचा म्हणाला. "त्याचा यांत्रिक कारकून पानोपानी फिरतो, मजकूर वाचतो आणि नोंदी ठेवतो. आपल्या पानावर मजकूरच नाही."

मला त्या कारकुनाबद्दल एकदम आपुलकी वाटली. चेकवर कितीही नक्षी काढा, रक्कम अक्षरी नसेल तर आम्हीही परतच करतो.

ही हौस तशी जुनीच. 1996 साली फ्लॅश आलं आणि लोकांनी अख्ख्या वेबसाइटी त्यात नाचवल्या. आतला मजकूर शोधयंत्रांना धड वाचता येत नसे. 2010 साली स्टीव्ह जॉब्सनी जाहीर पत्र लिहून ते आयफोनवर का नको ते सांगितलं, आणि 31 डिसेंबर 2020 रोजी अ‍ॅडोबीनंच त्याचं खातं बंद केलं. फ्लॅश गेलं, हौस उरली.

भाच्यानं तोडगा काढला. "पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा 'चकली' लिहू. माणसांना दिसणार नाही, गूगल वाचेल."

माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. "म्हणजे दोन वह्या? एक सरकारला दाखवायची, एक घरात?" गूगलही ही लबाडी मानतं आणि पकडली तर यादीतून काढून टाकतं, हे त्यानं मग कबूल केलं. मी तत्त्वावर बोलणार, तोच आतून आवाज आला, "लग्नाआधी पाठवलेल्या फोटोत टक्कल कुठं होतं हो?"

तत्त्वचर्चा तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर आमचे एक अंध खातेदार आले. त्यांचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवतो. "साहेब, फराळ मागवायचा होता. पण तुमचं पान उघडलं की फोन नुसता 'इमेज, इमेज, इमेज' म्हणतो."

मी खाली मान घातली. ऑर्डर बुडाल्याची हळहळ एका दिवसाची; पण बोलावून आणलेल्या पाहुण्याला आपण झाकलेलं ताट वाढलं होतं. ज्या पानावर यंत्राला काही वाचता आलं नाही, त्याच पानावर या माणसाला काही ऐकू आलं नव्हतं.

शोभा वाईट नव्हे. रांगोळीशिवाय दिवाळी नाही. पण पाहुण्याला पाय ठेवायला जागा उरणार नाही इतकी रांगोळी दारात घालू नये. भाच्यानं लाडू आणि पाऊस काढले. चकली ठेवली, ती एकदा फिरते आणि गुमान बसते. नावं, भाव, फोन नंबर साध्या अक्षरांत आले. प्रत्येक चित्रामागे दोन शब्द आले: 'भाजणीची चकली.' हे शब्दही डोळ्यांना दिसत नाहीत, पण चित्रात आहे तेच सांगतात. लपलेल्या प्रत्येक अक्षरात लबाडी असतेच असं नाही, हे मला या वयात कळलं.

पहिली ऑर्डर त्या खातेदारांचीच आली. चार दिवसांनी ते म्हणाले, "चकली खमंग होती. फक्त जरा कडक."

घरी मी पहिलंच वाक्य सांगितलं. म्हणजे दोन वह्या आमच्याकडे अजून चालूच आहेत.